आर्वो पेल्टोची पुढची चाकं

आमच्या हेमलॉक क्रीक गावात बर्फावरून घसरून ज्याची गाडी रस्त्याकडेच्या चरात जाते, त्याला दोन गोष्टींची लाज वाटते. गाडी चरात गेली ही पहिली. ती कशी गेली हे उद्या सकाळी जॉईसच्या कॅफेत आर्वो पेल्टो सांगणार, ही दुसरी. पहिली लाज गाडी वर येताच ओसरते. दुसरी काही घरांत बापाकडून मुलाकडे आली आहे.

पद्धत अशी. चरात गेलेला माणूस आर्वोला फोन करतो. आर्वो फोनवर 'हं' एवढंच म्हणतो, लोकरीची टोपी कानांवर ओढतो आणि आपली हिरवी पिकअप काढतो. साखळी लावतो, गाडी वर ओढतो, आणि कुणी पाकिटाकडे हात नेला की आभाळाकडे बघत राहतो. मग दोनचार दिवसांत त्याच्या ओसरीवर कुणीतरी धुरावलेला मासा नाहीतर वेलदोड्याचा गोड पाव ठेवून जातं. ते आपलं वरवरचं. खरी परतफेड कॅफेत होते. ज्याची गाडी ओढली त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी हजर राहायचं, ज्याने ओढली त्याने हकीकत सांगायची, आणि ओढल्या गेलेल्याने मध्ये तोंड उघडायचं नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही. पण आर्वोखेरीज दुसऱ्या कुणाचा त्यात फायदा झालेला मी पाहिलेला नाही.

मी लाकडाच्या वखारीत हिशेब बघतो, आणि त्या टेबलाच्या टोकाची खुर्ची बरीच वर्षं माझी आहे. त्यामुळे पुढचं बरंचसं कानांनी ऐकलेलं आहे, आणि उरलेलं आर्वोच्या बायकोने, हेल्मीने, सांगितलेलं आहे. तिच्या सांगण्यात फुगवटा नसतो. तो घरात एकाने ठेवला तरी पुरतो, असं ती म्हणते.

आर्वो जन्मभर जिल्ह्याच्या बर्फ सारायच्या गाडीवर होता. मिशिगनच्या या वरच्या टोकाला सुपीरियर सरोवरावरून बर्फ येतो तो पोत्यांनी ओतल्यासारखा, त्यामुळे त्या गाडीवरच्या माणसाला पाद्र्याइतका मान. निवृत्तीनंतर तो मान गेला असता, पण पिकअप होती, साखळी होती, चर होते. एरवी आर्वो बोलका नाही. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने हेल्मीला 'झालं एक वर्ष' असं म्हटल्याचं ती सांगते. पण कॅफेत हकीकत सांगायला बसला की दुसराच माणूस. आवाज लावायचा, थांबायचा, चमचा मोटार व्हायचा, साखरेचं भांडं झाड व्हायचं. त्याने ओढलेली गाडी दर हिवाळ्यात थोडी आणखी खोल गेलेली असायची.

त्याचा लाडका विषय म्हणजे लॉइड ट्रेम्बाथ. लॉइड आमचा निवृत्त पोस्टमास्तर. त्याचे पणजोबा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणीत आले आणि सोबत पेस्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या करंजीची, कृती घेऊन आले. पेस्टीत गाजर घालणाऱ्या माणसाशी लॉइड आजही दोन हात अंतर ठेवून बोलतो. त्याची गाडी छोटी, पांढरी, बर्फात ठेवली तर सापडत नाही अशी. दर हिवाळ्यात ती किमान एकदा चरात जायचीच. लॉइड मग दुसऱ्या दिवशी येऊन टेबलाशी बसायचा आणि आर्वो सांगत असताना टोस्टला लोणी लावत राहायचा. टोस्ट संपला तरी लावत राहायचा.

त्या वर्षी पहिला मोठा बर्फ पडायच्या आधीच आर्वोच्या पिकअपचं बिनसलं. या गाडीत एरवी ताकद मागच्या दोन चाकांना जाते. बर्फात बटण दाबलं की पुढची दोनही ओढू लागतात. एक बटण नेहमीच्या वेगासाठी, एक अगदी सावकाश आणि जोर लावून ओढण्यासाठी. एका सकाळी त्या बटणांचे सगळे दिवे विझले आणि समोर अक्षरं आली की चारचाकी यंत्रणा तपासून घ्या.

"तू मला सांगणार?" आर्वो त्या अक्षरांना म्हणाला.

हेल्मी ओसरीत उभी होती. "कुणाशी बोलतोयस?"

"कुणाशी नाही. दिवा बिघडलाय."

"दिवा बिघडलाय की दिवा म्हणतोय ते बिघडलंय?"

"दिवा."

त्याने अंगणात गाडी मागेपुढे घेऊन पाहिली. मागची चाकं गरगर फिरली, पुढची दोन पाहुण्यांसारखी नुसती बसून राहिली.

तो रॉक्सानकडे गेला. रॉक्सान आमच्या हमरस्त्यावरचं गॅरेज चालवते. तिच्या वडिलांची आणि आर्वोची दोस्ती होती, म्हणून ती त्याला काका म्हणते आणि काका म्हणूनच झापते. तिने गाडीला तिचा छोटा संगणक जोडला, वाचलं, आणि स्टिअरिंगखाली हात घालून बोटाने दाखवलं.

"हे मॉड्यूल गेलंय, आर्वोकाका. चारही चाकांचा कारभार बघतं ते."

आर्वोने वाकून पाहिलं. सँडविचच्या डब्यापेक्षा लहान, काळा प्लॅस्टिकचा डबा. "हे? हे ठरवतं?"

"तुम्ही बटण दाबता तो अर्ज असतो. मंजूर हे करतं."

"मी एवढी वर्षं अर्ज करत होतो?"

"आणि ते मंजूर करत होतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. नवीन मागवावं लागेल. आलं की बसवून त्याला ही गाडी शिकवावी लागते, म्हणजे संगणकावरून कळवावं लागतं की बाबा, तू या गाडीत बसलायस. तोवर गाडी इथेच ठेवा. फोर व्हील तर अजिबात वापरू नका."

"इथे?"

"मग कुठे? माझ्या स्वयंपाकघरात?"

आर्वोने काचेतून बाहेर पाहिलं. गॅरेजसमोरून अख्खं गाव जातं, आणि समोरच जॉईसचं कॅफे. त्याची हिरवी पिकअप तिथे उभी दिसली असती तर दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं असतं की आर्वोची पुढची चाकं चालत नाहीत. ज्यांची गाडी त्याने आजवर ओढली त्या सगळ्यांना. त्यांचे चेहरे त्याच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत, कारण ते बरेच होते आणि तो बराच वेळ बाहेर बघत होता.

"घरी बघतो," तो म्हणाला.

"घरी काय बघणार? नुसतं बसवून भागत नाही, शिकवावं लागतं, सांगितलं ना?"

"मी माणसांना गाड्या शिकवल्यात."

"माणसांना, काका. डब्याला नाही."

आर्वो गाडी घेऊन गेला. रॉक्सानने कुणाला सांगितलं नाही. गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाच्या गाडीबद्दल बोलायचं नाही, एवढं तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं.

मग बर्फ आला. पहिल्याच आठवड्यात दोन फोन आले. एकदा आर्वोची पाठ धरली होती. दुसऱ्यांदा कुणीतरी त्याची साखळी उसनी नेली होती. कोणी, ते त्याला आठवत नव्हतं. दोन्ही माणसांनी फावड्याने उकरून स्वतःच गाड्या काढल्या. कॅफेत त्यांनी ते सांगितलं तेव्हा ऐकायला कंटाळा आला. उकरलं, निघाली. यात सांगण्यासारखं काय? जॉईस कॉफी ओतताना म्हणाली, "आर्वो, पाठ बरी कर बाबा. या लोकांना गोष्ट सांगता येत नाही."

आर्वोला ते फार लागलं. तो त्याच दिवशी शेजारच्या जिल्ह्यातल्या भंगारच्या आवारात गेला. जाताना टोपी हेल्मीच्या भावाची घातली. तिथे त्याच्याच गाडीची, त्याच्याच रंगाची, समोरून चेपलेली बहीण उभी होती. तिच्या स्टिअरिंगखालून त्याने स्वतःच्या हातांनी काळा डबा काढला आणि कोटाच्या आत घालून घरी आणला. हेल्मीला वाटलं, मांजराचं पिल्लू आणलंय.

शेडचं दार लावून काम सुरू झालं. बॅटरीची तार काढली, स्टिअरिंगखालची पट्टी काढली. नट सोपे होते. आर्वोचे गुडघे सोपे नव्हते. सीटवर पाठ टेकून, पाय दाराबाहेर आणि डोकं ब्रेकच्या पेडलपाशी, अशा अवस्थेत तो बराच वेळ होता. हेल्मी कॉफी घेऊन आली तर तिला फक्त बूट दिसले.

"रॉक्सान काय म्हणाली होती?"

"कशाबद्दल?"

"ज्याच्याबद्दल तू उलटा लटकलायस त्याबद्दल."

"ती म्हणाली मॉड्यूल बदला. बदलतोय."

"एवढंच म्हणाली?"

बूट आणखी थोडे आत सरकले.

शेवटी प्लग बसले, तार जोडली, किल्ली फिरवली. बटणांचे दिवे लागले. आर्वोने पहिलं बटण दाबलं. कुठेतरी खाली 'टक्' झालं आणि अंगणातल्या बर्फात पुढची चाकं ओढू लागली. तो एवढा खूश झाला की त्याने हेल्मीला आत बसवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. दुसरं, जोर लावायचं बटण त्याने दाबून पाहिलं नाही. सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापली होती, आणि सौना थंड होऊ देणं हे आमच्याकडे मॉड्यूल बिघडण्यापेक्षा वाईट.

आठवडा गेला नाही तोच लॉइडचा फोन आला. क्रीककडे, म्हणजे गावाच्या ओढ्याकडे, उतरणाऱ्या टेकडीवर त्याची गाडी चरात गेली होती. आर्वो फोनवर 'हं' न म्हणता "आलोच!" म्हणाला, तेव्हाच लॉइडला काहीतरी वेगळं वाटलं होतं, असं तो नंतर म्हणायचा.

दुपार होती, बर्फ भुरभुरत होता. लॉइडची गाडी नाकाने चरात शिरली होती आणि तिची शेपटी रस्त्याकडे होती. लॉइड शेजारी उभा राहून कागदातली पेस्टी खात होता.

"या वेळी कशाने?" आर्वोने विचारलं. त्याला हकीकतीसाठी तपशील लागतो.

"हरिण."

"मोठं?"

"हरिणाएवढं."

आर्वोने पिकअप उताराच्या दिशेने उभी केली, मागच्या हुकाला साखळी लावली, दुसरं टोक लॉइडच्या गाडीला लावलं. आत बसला. गाडी न्यूट्रलला घेतली आणि दुसरं बटण दाबलं. खालून दळण दळल्यासारखा आवाज आला. मग शांतता. त्याने गिअर टाकून पाय दाबला. इंजिन ओरडलं, पण गाडी हलली नाही.

झालं होतं ते असं. पिकअपच्या पोटात एक पेटी असते, ती इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटते. आर्वोच्या डब्याने त्या पेटीला एक जागा सोडायला सांगितली आणि दुसरी कुठे आहे ते त्याला सांगता येईना. तो दुसऱ्या गाडीत मोठा झालेला होता. पेटी मधेच अडकली आणि चाकांचा इंजिनाशी संबंध सुटला. पुढच्या दोनच नव्हे, चारही.

आर्वोने गाडी पार्कमध्ये टाकली आणि खाली काय झालं ते बघायला उतरला. आता पार्कमध्ये टाकलेली गाडी जागची हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेटी अशी मधे अडकली असेल तर ती खुशाल हलते, हे मात्र रॉक्सानकडून उरलेलं ऐकून घेणाऱ्यालाच ठाऊक असतं. राहिला पार्किंग ब्रेक. तो आमच्याकडे थंडी सुरू झाली की कुणी लावत नाही. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्याची तार गंजते, आत पाणी गोठतं, आणि मग वसंत येईपर्यंत तो सुटत नाही. बर्फ सारायच्या गाडीवर आर्वोने नव्या लोकांना पहिला धडा हाच दिला होता.

"आर्वो," लॉइड म्हणाला.

"थांब जरा."

"मी थांबलोय. तुझी गाडी निघाली."

पिकअप उतारावरून निघाली होती. वेगाने नव्हे, एखादा माणूस कंटाळून सभेतून उठून जातो तशी. खाली क्रीक. आर्वो धावला, दुसऱ्या पावलाला घसरून बसला आणि बसल्या बसल्याच थोडा पुढे गेला. साखळी ताणली. लॉइडची पांढरी गाडी मागच्या मागे अर्धी चराबाहेर आली, बर्च झाडाच्या बुंध्याला कुशीने टेकली आणि थांबली. पिकअपही थांबली. मध्ये ताणलेली साखळी, एका टोकाला गावाचा उद्धारकर्ता आणि दुसऱ्या टोकाला ती बर्फात सापडत नाही अशी गाडी, त्याला धरून.

दोघांनी पिकअपच्या चाकांपुढे ओंडके सरकवले. मग लॉइडच्या गाडीत जाऊन बसले, कारण तिचा हीटर चालू होता. गाडी एका अंगाला कललेली असल्यामुळे आर्वो पुनःपुन्हा लॉइडच्या खांद्यावर येत होता. लॉइडने त्याला पेस्टीचा अर्धा तुकडा दिला आणि रॉक्सानला फोन लावला.

"तिलाच का?" आर्वो म्हणाला.

"मग कुणाला? तुला लावला असता, पण तू इथेच आहेस."

बराच वेळ दोघे चावत राहिले.

"लॉइड, उद्या कोण सांगणार?"

"नियम काय आहे तुझा?"

"ओढणारा सांगतो."

"मी कुठे ओढलं तुला?"

"धरलंस."

"धरणाऱ्याचा काय नियम?"

"आजवर कुणी कुणाला धरलं नव्हतं," आर्वो म्हणाला. "तूच सांग उद्या. तुझी पाळी आहे." आणि मग, बाहेर बघत, "पेस्टी चांगली आहे."

"गाजर नाही त्यात," लॉइड म्हणाला.

रॉक्सान आपली ओढगाडी घेऊन आली. तिने साखळीचं एक टोक पाहिलं, दुसरं पाहिलं, पिकअपच्या स्टिअरिंगखाली बॅटरी मारून पाहिली आणि विचारलं, "याला शिकवलं कुणी?" आर्वोने टोपी कानांवर ओढली. मग तिने दोघांना ओळीने ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेत एक खुर्ची रिकामी नव्हती. रॉक्सान ओढगाडीमागे हिरवी पिकअप घेऊन हमरस्त्यावरून गेली होती. याहून जास्त कुणाला काही लागत नव्हतं. आर्वो लॉइडच्या जागी बसला, समोर टोस्ट घेऊन. लॉइड उभा राहिला. इतक्या वर्षांचा हिशेब त्याच्या हातात होता, आणि आम्ही सगळे तो वसूल होताना बघायला आलो होतो.

लॉइड म्हणाला, "मी चरात गेलो. आर्वो मदतीला आला. त्याच्या गाडीत जरा बिघाड झाला. रॉक्सानने दोघांना काढलं." आणि खाली बसला.

"बस?" जॉईस कॉफीचं भांडं धरून तशीच उभी.

"बस. आणखी काय?"

लॉइडने सभ्यपणा केला होता, यात शंका नाही. आर्वोची अब्रू झाकली गेली होती. गाडीत जरा बिघाड झाला, कुणाच्याही होतो. आर्वोने मान खाली घालून टोस्टला लोणी लावलं असतं तर दोन दिवसांत सगळं विसरलं गेलं असतं. त्याने सुरी उचललीही. मग ती खाली ठेवली.

"हरिण कुठे गेलं?" तो म्हणाला.

"हरिण? गेलं जंगलात."

"तसं नाही! सांगण्यात कुठे गेलं? आणि टेकडी? अरे, उतार सांगितल्याशिवाय गाडी कशी सुटेल?"

"मी गाडी सुटली असं म्हटलंच नाही," लॉइड डोळ्यांनी खुणा करत म्हणाला.

"तेच तर म्हणतो ना मी! सुटली होती!" आर्वो उठला. "गाडी सुटली, मी बसल्या बसल्या टेकडी उतरतोय, आणि हा म्हणतो जरा बिघाड! साखरेचं भांडं दे इकडे."

ओढल्या गेलेल्याने मध्ये बोलायचं नाही, हा नियम त्या सकाळी मोडला, आणि ज्याचा होता त्यानेच मोडला. आर्वोने सगळं सांगितलं. विझलेले दिवे, पाठ धरली नव्हती ती पाठ, मेव्हण्याची टोपी, कोटाच्या आतला डबा, उलटे बूट. चमचा पिकअप झाला. लॉइडची गाडी म्हणून त्याने मिठाची कुपी घेतली आणि ती बुंध्याला टेकली तेव्हा तो क्षणभर थांबला, एवढा की स्वयंपाकघरातला माणूस बाहेर येऊन बघू लागला. आम्ही हसून टेबलावर डोकी टेकली. लॉइड सर्वांत जास्त हसला. तो तिथे असूनही त्याला हे सगळं नवीन होतं.

नवीन मॉड्यूल यायला वेळ लागला. तोवर पिकअप गॅरेजसमोर उभी होती, आणि जाणारा-येणारा तिच्याकडे बघून गाडीचा वेग कमी करत होता. ते आलं त्या दिवशी रॉक्सानने बसवलं, संगणक जोडला, त्याला गाडी शिकवली, आणि दोन्ही बटणं दाबून दाखवली. आर्वोने स्वतः पुन्हा दाबून पाहिली. हेल्मी म्हणते, त्या दिवसापासून तो बटण दाबताना थोडा थांबतो, मंजुरीची वाट बघितल्यासारखा.

आम्हाला वाटलं होतं, आता लोक दुसरीकडे फोन करतील. झालं उलटंच. निवृत्त शिक्षिका व्हर्ना सारी या आमच्या गावात कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांची गाडी कधी चरात गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. फेब्रुवारीत त्यांनी आर्वोला फोन केला. गाडी वर आल्यावर त्यांनीच सांगितलं की ती याआधीही गेली होती, दोनदा. दोन्ही वेळा त्या बर्फातून चालत घरी आल्या आणि भाच्याला लांबून बोलावून घेतलं.

"मला का नाही बोलावलं, बाई?"

"तू सांगत सुटतोस म्हणून. आताही सांग, माझी ना नाही. पण आधी तुझी सांगायची. संपूर्ण."

व्हर्नाबाईंमागोमाग आणखी काही जणांनी हीच अट घातली, आणि आर्वोला ती मान्य करावी लागली. आता रोज सकाळी तो आधी आपली सांगतो. ती वाढत चालली आहे. टेकडी उंच झाली आहे, हरिणाला शिंगं फुटली आहेत, आणि क्रीकला पूर आहे. तो बर्चच्या बुंध्याशी पोचतो तोवर कॉफी संपते, वखार उघडायची वेळ होते, आणि आम्ही टोप्या घालून उठतो. व्हर्नाबाईंची गाडी चरात कशी गेली ते अजून कुणाला कळलेलं नाही. त्या येतात, समोर बसतात आणि शेवटपर्यंत ऐकतात.